नोसिकूचा बांध

माझी बायको नोसिकू वारली त्याला एक वर्ष आणि नऊ दिवस झाले होते, तेव्हा माझा मालक वेसेल तिचा बांध मागायला आला. मागायला आला असं म्हणायचं, पण तो मागत नव्हता. आमच्या इंदुनाकडे, म्हणजे गावच्या प्रमुखाकडे, त्याने आधीच बोलून ठेवलं होतं. माझ्याकडे तो फक्त कळवायला आला होता. दारात उभा राहून म्हणाला, "सियांगा, मंगळवारी बैठक आहे. तुला वाईट वाटू नये म्हणून आधी सांगतोय."

मला वाईट वाटलं नाही. मला राग आला. तो अजून आहे.

बांध म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये झांबेझी नदी मैदानभर पसरते. मे महिन्यात पाणी परत नदीकडे ओढ घेतं आणि अरुंद ओहोळांतून उतरतं. त्या पाण्याबरोबर बोटाएवढे मासे लाखांनी उतरतात. ओहोळ नदीला मिळतो तिथे बायका वेताचा कूड घालतात आणि कुडाच्या फटींत टोपल्या बसवतात. खुंट पुरुषांनी ठोकायचे, कूड आणि टोपल्या बायकांच्या. जागाही बायकांचीच, आईकडून मुलीकडे जाते. नोसिकूला ती तिच्या आईकडून मिळाली होती. आता ती आमच्या लिसेलीची.

कुडाच्या पलीकडे, नदीच्या बाजूला, वाघमासे टपून असतात. कूड असला की त्यांच्या वाट्याला थोडं येतं. कूड नसला की सगळं येतं, आणि मग तिथे इतके वाघमासे जमतात की पाणी उकळल्यासारखं दिसतं. वेसेलला हेच हवं होतं. त्याचा कॅम्प आमच्या गावापासून बोटीने अर्ध्या तासावर, मोठ्या झाडांखाली तंबू ठोकलेला. लांबलांबच्या देशांतून लोक येतात, गळाच्या काठीने आणि पिसांच्या खोट्या माशीने वाघमासा धरतात, फोटो काढतात आणि मासा सोडून देतात. त्या लोकांना नदीवर नेण्याचं काम मी पंधरा वर्षं केलं. बोट मी चालवायची, मासा कुठे आहे ते मी सांगायचं, दोरी कशी फेकायची तेही मीच शिकवायचं. मला ते चांगलं यायचं.

ती जागा वेसेलला दाखवली तीही मीच. सहा वर्षांपूर्वी एक पाहुणा चार दिवस नुसता उन्हात भाजून निघाला होता, एक मासा नाही. पाचव्या दिवशी मी त्याला नोसिकूच्या कुडाच्या बाहेरच्या बाजूला नेलं. तासाभरात तीन मासे मिळाले. नोसिकू काठावर टोपली घेऊन उभी होती. तिने सगळं पाहिलं. घरी आल्यावर म्हणाली, "लिसेलीचे बाबा, दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते झाकण काढून दाखवायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" मी म्हणालो, कूड तर तुझाच आहे, तो कोण हलवतंय. ती दोन दिवस बोलली नाही. दोन्ही दिवस माझ्या ताटात बाजारातली सुकी कापेंटा, ती नखाएवढी मासळी. हा तिचा नेहमीचा टोमणा होता. नवरा रोज हातभर लांब मासे धरतो आणि घरात विकतची कापेंटा. शेजारणींना हसून सांगायची.

आता बैठकीत ज्यावर सगळं अडलं ती रीत सांगतो. बांधाची मालकीण वारली की त्या सालचा पूर ओहोळ उघडा सोडायचा. कूड घालायचा नाही. त्या ओहोळाचा मासा त्या घराच्या चुलीवर चढू द्यायचा नाही. पुढच्या साली मुलीने कूड घालायचा. घराने सुतक नीट पाळलं नाही तर जागा इंदुनाकडे परत जाते आणि तो ती कोणालाही देऊ शकतो.

नोसिकू गेल्या साली मेमध्ये वारली, पाणी उतरायला लागलं त्याच आठवड्यात. तीन दिवस ताप होता. तिच्या भावाने आणि लिसेलीने तिला होडीतून सेनांगाला दवाखान्यात नेलं. मी जायला निघालो होतो. ती म्हणाली, "माझं तोंड बघत बसू नका. कामावर जा." मी गेलो. ती एकोणीस तारखेला पहाटे गेली. मला संध्याकाळी चारला कळलं, पाहुण्यांना घेऊन कॅम्पवर परतलो तेव्हा. वेसेल टोपी हातात धरून काठावर उभा होता. म्हणाला, "सियांगा, आत्ताच निरोप आला." शवपेटीच्या फळ्या त्याने दिल्या. एक बैल दिला. दफनाला आला, बायका रडत होत्या तिथे मातीत बसला. चांगला माणूस आहे असं मी लोकांना सांगितलं.

त्या साली ओहोळ उघडा राहिला आणि वाघमासे जमले तसे आधी कधी जमले नव्हते. वेसेलने विचारलं, यंदा कूड नाही का? मी रीत सांगितली. माझ्याच तोंडाने सांगितली. तो म्हणाला, मग आपण गेलो तर कोणाची अडचण नाही. मी पाहुण्यांना घेऊन गेलो, आठवड्याचे चार-पाच दिवस, दोन महिने. का गेलो म्हणून विचाराल तर घरी बसवत नव्हतं. बोटीत हाताला काहीतरी काम असायचं. लिसेली काठावरून बघायची. त्या जून-जुलैच्या हिवाळ्यात ती माझ्याशी जेवणापुरतं बोलली. मला वाटलं, आईच्या ओहोळावर गेलो म्हणून रागावली आहे. मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

मंगळवारी बैठक भरली. इंदुना नालुमीनो आंब्याखाली चटईवर बसले होते. ते सत्तरीचे, एका कानाने कमी ऐकतात आणि त्याचा फायदा घेतात. आम्ही गुडघे टेकून टाळ्या वाजवून नमस्कार केला. वेसेलनेही केला. वीस वर्षं इथे राहून त्याला आमची भाषा येते, रीतीही येतात. तेच वाईट झालं. परका माणूस रीत न कळून चुकतो. याने आमची रीत नीट शिकून आमच्यावर उलटवली.

त्याने शांतपणे मांडलं. जागा कोणाची होती यावर त्याला वाद घालायचा नव्हता. पण सुतक पाळलं गेलं नाही, असं तो म्हणाला. सुतकाच्या साली त्याच घरच्या माणसाने त्या ओहोळावर दोन महिने मासे धरले. मग जागा इंदुनाकडे परत गेली, आणि इंदुनांनी ती कॅम्पला द्यावी, कूड कायमचा बंद. बदल्यात कॅम्प शाळेला नवे पत्रे घालून देईल. जुने पत्रे वाऱ्याने उडाल्यापासून पाऊस आला की मुलं घरी जातात हे सगळ्यांना माहीत होतं. मास्तर मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी खाली पाहिलं.

मग वेसेलने पुरावा काढला. कॅम्पच्या जेवणाच्या तंबूत भिंतीला लावलेले मोठे फोटो तो काढून घेऊन आला होता. सहा-सात असतील. प्रत्येकात मी. पाण्यात गुडघाभर उभा, हातात वाघमासा, आणि एक सोडून सगळ्यांत मागे नोसिकूच्या बांधाचे जुने खुंट. फोटो हातोहात फिरले.

नालुमीनोंनी एक फोटो डोळ्यांजवळ नेला. "हा तूच ना?"

मी हो म्हणालो.

"हसतोयस."

म्हातारा सिकोता माझ्या शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "बायको गेल्यावर माणूस इतका टवटवीत होतो हे मला आधी कोणी सांगितलं नाही. माझी तर अजून धडधाकट आहे." लोक हसले. फोटोसाठी पाहुणा सांगतो तेव्हा हसायचं असतं, हे त्या आंब्याखाली बसलेल्या लोकांना कसं सांगायचं? आणि काही फोटोंत मला कोणी हसायला सांगितलं नव्हतं, हे तर कोणालाच सांगता आलं नसतं.

सगळ्यात मोठा फोटो शेवटी लिसेलीकडे आला. तो मासाही सगळ्यात मोठा होता, ओहोळावरचा नव्हे, नदीवर दूर वर धरलेला. लाल टोपीवाला एक उंच पाहुणा, त्याच्या शेजारी मी, आणि आमच्या दोघांच्या हातांवर आडवा तो मासा. इतका मोठा वाघमासा मी पंधरा वर्षांत पाहिला नव्हता. लिसेलीने फोटो बराच वेळ धरला. तिचं लक्ष माशावर नव्हतं. फोटोच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेले आकडे ती वाचत होती.

"एकोणीस मे," ती म्हणाली. "दुपारी दोन वाजून वीस मिनिटं."

तारीख सगळ्यांना माहीत होती. हसणं थांबलं.

लिसेलीने माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात तिने माझ्याकडे असं नीट पाहिलं नव्हतं. "बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

मी म्हणालो, चार वाजता. निरोप तेव्हाच आला होता.

"निरोप सात वाजता दिला होता," ती म्हणाली. "सकाळी सात. मी स्वतः कॅम्पवर फोन केला, दवाखान्याच्या पायरीवर बसून." ती वेसेलकडे वळली. "तुम्हीच उचललात. तुम्ही म्हणालात, लगेच सांगतो."

वेसेलने टोपी काढून मांडीवर ठेवली.

लिसेली मग मला म्हणाली, अगदी हळू, "मला वाटलं तुम्हाला सांगितलं होतं. मला वाटलं तुम्ही दिवस पुरा करून आलात."

वर्षभर माझ्या पोरीने असं समजून माझ्या पुढ्यात ताट ठेवलं होतं. आई मेल्याचं कळलं तरी बाप मासे धरत राहिला, असं. आणि तरी ठेवलं होतं.

नालुमीनोंनी वेसेलला विचारलं, खरं का? तो खोटं बोलला नाही, एवढं मी मान्य करतो. म्हणाला, बोट दोन तासांवर होती. तो पाहुणा त्या एका दिवसासाठी अर्ध्या जगावरून आला होता. "आणि ती तर गेलीच होती," तो म्हणाला. "सियांगाला सकाळी सांगितलं काय आणि संध्याकाळी सांगितलं काय, तिच्यासाठी काय बदललं असतं? मला वाटलं, त्याला अजून एक चांगला दिवस मिळू दे."

मी उठलो. इंदुनासमोर टाळी न वाजवता उठायचं नसतं. मी उठलो आणि त्याच्यापर्यंत पोचलो. सिकोताने माझा पाय धरला, दुसऱ्या कोणीतरी कंबर धरली. ते बरं झालं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही. मी त्याला तोपर्यंत कधी एकेरी बोललो नव्हतो. मी म्हणालो, "तो दिवस माझा होता. चांगला की वाईट, माझा होता. तू कोण देणारा?"

नालुमीनोंनी काठी जमिनीवर आपटली आणि मला खाली बसायला लावलं. मग ते जे म्हणाले त्याचा मला त्या घडीला वेसेलइतकाच राग आला. ते म्हणाले, ही गोष्ट वाईट आहे, पण आजची बैठक यासाठी नाही. आज प्रश्न सुतकाचा आहे. सुतक मोडलं की नाही? फोटोत मासे आहेत आणि घरचा माणूस आहे. निरोप उशिरा दिला म्हणून ते मासे पुसले जात नाहीत.

बरोबरच होतं. मी मान खाली घातली. जागा गेली असं मला वाटलं, आणि घालवणारा मी. सहा वर्षांपूर्वी झाकण काढलं ते मी, रीत सांगितली ती मी, फोटोत उभा राहिलो तो मी.

लिसेली गुडघ्यांवर पुढे सरकली. टाळ्या वाजवल्या. तिने इंदुनांना विचारलं की मी यांना एक विचारू का. ते म्हणाले, विचार.

"हा एवढा मोठा मासा," तिने फोटो वेसेलपुढे धरला. "फोटो काढल्यावर याचं काय केलंत?"

वेसेलला प्रश्नाचा रोख कळला नाही. पाहुण्यांना सांगतो तसं, सवयीने, त्याने सांगितलं. थोड्या अभिमानानेच. "सोडला. सगळे सोडतो. वीस वर्षांत आमच्या कॅम्पने या नदीतला एक वाघमासा मारलेला नाही. सियांगालाच विचार, ओल्या हातांनी धरायचा, तोंड प्रवाहाकडे करायचं, शेपटी हलली की सोडायचा. तोच शिकवतो सगळ्यांना."

"एकही घरी आला नाही?"

"एकही नाही. तो आमचा नियम आहे."

लिसेली नालुमीनोंकडे वळली. "आजोबा, तुम्ही ऐकलंत. सुतक चुलीचं असतं. वर्षभर आमच्या चुलीवर कापेंटा शिजली. ज्याला खात्री नसेल त्याने बाजारात विचारावं, मीच विकत आणायचे. आणि वर्षभराचं काय घेऊन बसलात? आई पंधरा वर्षं हेच सांगत होती सगळ्यांना. माझा नवरा नदीत उभा राहून माशांना आंघोळ घालतो म्हणायची. तुम्हीच हसायचात."

कोणीतरी आधी खोकल्यासारखं केलं आणि मग बायका मोठ्याने हसल्या. नोसिकू हे खरंच म्हणायची. त्या हसण्यात मला ती स्पष्ट ऐकू आली, आणि मला हसू आलं नाही.

नालुमीनोंनी बऱ्या कानाने पुन्हा एकदा वेसेलकडून वदवून घेतलं. एकही मासा घरी गेला नाही? नाही. एकही कोणी खाल्ला नाही? नाही. मग ते म्हणाले, पाण्यातला मासा पाण्यात गेला, चुलीपर्यंत आला नाही, सुतक शाबूत आहे. गुरुवारी लिसेलीने कूड घालावा. वेसेलने फोटो गोळा केले. लाल टोपीवाला फोटो लिसेलीने परत दिला नाही. त्यानेही मागितला नाही.

शाळेला पत्रे मिळाले नाहीत. मास्तर वाटेत भेटले की दुसरीकडे बघतात. त्यांचंही चुकत नाही. वेसेलने दोनदा माणूस पाठवला, कामावर ये म्हणून. मी गेलो नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही ओहोळावर गेलो. पाणी गार होतं आणि कमरेपर्यंत ओढत होतं. मी जुने खुंट हलवून पाहिले, कुजलेले उपटले, नवे ठोकले. लिसेली वेत विणत माझ्यामागून येत होती. "हा वाकडा आहे." "हा पुन्हा ठोका." "बाबा, टोपलीला हात लावू नका, ते तुमचं काम नाही." नोसिकू असंच बोलायची. मी ऐकत होतो आणि ठोकत होतो.

दहाच्या सुमाराला कॅम्पची बोट आली. आता ती कुफुना चालवतो. त्याला काम मीच शिकवलं. बोट कुडापासून लांब थांबली. पाहुण्याने दोरी फेकली, वाईट फेकली, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर ते निघून गेले. कुफुनाने मला हात केला. मी हातोडा खाली ठेवला नाही.

वेसेलला बोटभर तरी माफ करावं असं सिकोता मला सांगतो. बैल दिला, फळ्या दिल्या, म्हणतो. मला जमत नाही. त्याने निरोप दाबला एवढंच असतं तर कदाचित जमलं असतं. पण तो लाल टोपीवाल्याचा मासा आला तेव्हा मी ओरडलो होतो, पोरासारखा. पाण्यात नाचलो होतो. घरी गेल्यावर नोसिकूला कसं सांगायचं ते मनात जुळवत होतो, ती काय म्हणेल तेही. ती पहाटेच गेली होती. त्या फोटोत मी हसतोय ते हसू खरं आहे, आणि ते माझ्याकडून कोणी काढून घेतलं हे मला माहीत आहे.

दुपारी लिसेलीने पहिली टोपली उचलली. बोटाएवढे मासे चमचमत होते, आणि त्यांत त्यांच्या मागे लागून आत शिरलेला एक वाघमासा, वीतभर. तो मी सवयीने ओल्या हातांनी उचलला आणि त्याचं तोंड प्रवाहाकडे केलं.

"बाबा," लिसेली म्हणाली.

मी थांबलो. शेपटी हलत होती. मी मासा तिच्या टोपलीत टाकला.

संध्याकाळी तिने तो शिजवला, पिठाच्या घट्ट गोळ्याबरोबर, आणि माझ्यापुढे ठेवला. वाघमाशात काटे फार असतात. मी एकेक काढून ताटाच्या कडेला ठेवत गेलो आणि सगळा खाल्ला. ती समोर बसली होती, मी संपवेपर्यंत उठली नाही.

"पंधरा वर्षांतला पहिला," ती म्हणाली. "आईला सांगायला हवं होतं."